संगणकाचें वाट पाहणें

गिरणींत दळणाचा डबा ठेवून कोणी शहाणा मनुष्य पीठ होईपर्यंत तेथेंच तिष्ठत बसत नाहीं. डबा ठेवतो, धोब्याकडे कपडे टाकतो, भाजी घेतो आणि परततांना पीठ उचलतो. यासाठीं त्याला चार हात फुटावे लागत नाहींत. दळण्याचें काम गिरणी करीत असते, धुण्याचें धोबी. त्यानें आपला वेळ नुसत्या वाट पाहण्यांत दवडलेला नसतो, इतकेंच. श्रोतेहो, संगणकाच्या प्रोग्रामांत अनेक कामें एकाच वेळीं चालविण्याची जी एक रीत आहे, तिचें मर्म हेंच आहे.

मात्र संगणकाची गति आणि त्याला करावी लागणारी प्रतीक्षा यांतील अंतर फारच मोठें. मुंबईहून न्यूयॉर्क येथील यंत्रास प्रश्न पाठवून उत्तर परत येण्यास सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या अवधींत ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ६० कोटी ठोके पडून जातात. ते सारे स्वस्थ बसण्यांत घालवावयाचे!

पायथन या भाषेचेंच उदाहरण घेऊं. २०१४ सालीं तिच्या ३.४ या आवृत्तींत ‘एसिंकआयओ’ हा विभाग आला, आणि २०१५ च्या ३.५ मध्यें ‘एसिंक’ व ‘अवेट’ हे शब्द भाषेंतच रुजू झाले. ‘अवेट’ म्हणजे, ‘मला येथें थांबावें लागणार, तोंवर दुसऱ्यास संधि द्या.’ मग ‘इव्हेंट लूप’ नांवाचा कारभारी तयार असलेलें दुसरें काम पुढें घेतो. एकेक सेकंद उत्तराची वाट पाहणारीं तीन कामें एकामागून एक केलीं तर ३ सेकंद लागतात. एकदम सोडलीं तर साधारण एकच. पण हा कारभारी एकटा आहे. एखादें काम ‘अवेट’ न म्हणतां लांबलचक आकडेमोड करीत बसलें, कीं बाकीचीं सारीं खोळंबलीं.

खरी कसोटी लागते ती एखादें काम फसतें तेव्हां. प्रवासासाठीं गाडींतील जागा राखणें, मुक्कामाची खोली ठरविणें आणि पैसे भरणें, हीं तीन कामें कोणी ‘गॅदर’ या सोयीनें एकत्र सोडलीं आणि खोली मिळाली नाहीं, तर ती बातमी ताबडतोब कळते. पण उरलेलीं दोन कामें थांबत नाहींत, तीं आपल्या वाटेनें चालूच राहतात. २०२२ च्या ३.११ या आवृत्तींत ‘टास्कग्रूप’ आला. तो एक काम फसतांच सोबतचीं अपुरीं कामें रद्द करतो. मला हीच रीत अधिक शिस्तीची वाटते. तरीहि रद्द होतें तें केवळ आपल्या बाजूचें वाट पाहणें. बँकेकडे हुकूम पोहोंचला असेल, तर पैसे खात्यांतून जाणारच. आपण धोब्याकडे फिरकलों नाहीं, म्हणून त्यानें भट्टींत घातलेले कपडे बाहेर येत नाहींत. तेव्हां जागा व खोली राखण्याचीं कामें खुशाल एकत्र सोडावीं, दोन्ही उत्तरें हातीं येऊं द्यावीं, आणि पैसे भरण्याचें काम त्यानंतर एकटेंच चालवावें. त्यापायीं सेकंदभर अधिक लागला तरी प्रवाशाचें कांहीं बिघडत नाहीं.