खरेदीचा भाव काही विसरता येत नाही

एप्रिल १९९२ मध्ये एसीसीचा शेअर नऊ हजारांच्या आसपास होता. भाव चढला तरी कंपनी तीच, सिमेंटही तेच. २२ तारखेला सेन्सेक्स ४४६७ वर बंद झाला, दुसऱ्या दिवशी बँकांच्या पैशांची भानगड छापून आली आणि २८ ला निर्देशांक एका दिवसात पावणेतेरा टक्के आपटला. त्यामागचे दलाल हर्षद मेहता यांनी काय केलं हे कोर्टांनी तपासलं. पण त्या भावाला शेअर घेणाऱ्यांत नोकरदारही होते, आणि त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती. शेजारी कमावतोय, एवढं कारण त्यांना पुरलं.

२००० साली सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नावाने तेच झालं. त्यावर वेगळं लिहावं असं फारसं नाही.

२००८ मात्र बारकाईने पाहावं. १० जानेवारीला सेन्सेक्स २१,२०६ ला शिवला आणि पाचच दिवसांनी रिलायन्स पॉवरचा इश्यू उघडला. वीजनिर्मिती अजून कागदावर होती, तरी मागणी सत्तर पटींहून जास्त आली. किरकोळ गुंतवणूकदाराला शेअर ४३० रुपयांना मिळाला. ११ फेब्रुवारीला नोंदणी झाली आणि त्याच दिवशी तो ३७२.५० वर बंद झाला. मग सुरू झाला आपल्याकडचा ठरलेला जप: ‘४३० येऊ दे, मग विकतो.’ बाजाराला तुमच्या ४३० शी काय देणंघेणं?

हर्ष शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी ही खोड १९८५ मध्येच मांडली होती. पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका दलालाकडची दहा हजार खाती तपासली. लोक नफ्यातले शेअर लगबगीने विकत होते आणि तोट्यातले धरून बसत होते. विकलेले शेअर पुढे धरलेल्यांपेक्षा सरस ठरले. डिसेंबरमध्ये तेवढे तोटे निकालात काढले जात, कारण कर वाचत असे! म्हणजे माणसाला तोटा कापता येतो, फक्त चूक कबूल करावी लागू नये.

मार्च २००९ मध्ये सेन्सेक्सची ८१६० पर्यंत घसरण झाली तेव्हा वर्षभराहून अधिक तग धरलेल्यांनीही हात टेकले. १८ मे रोजी निवडणूक निकालानंतर बाजार उघडताच वरचं सर्किट लागून व्यवहार थांबले आणि दिवसभरात खरेदीला जेमतेम मिनिटभर मिळालं. थांबून बघू म्हणणारे बघतच राहिले.

कोविडनंतर डीमॅट खाती चार कोटींवरून ऑगस्ट २०२२ पर्यंत दहा कोटींवर गेली. पडत्या बाजारात आलेल्या या नवख्यांचं कौतुक करायला हवं. पण त्यांतले बरेचजण पुढे ऑप्शनकडे वळले. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, सरासरी दोन लाखांनी. तोट्यातल्या पाऊणहून अधिक लोकांनी सलग तोटा सोसूनही व्यवहार चालूच ठेवले. मग सेबीने सौद्याचा किमान आकार वाढवला, साप्ताहिक एक्स्पायऱ्या कमी केल्या. २०२४-२५ मध्ये तोट्यात गेलेल्यांचं प्रमाण ९१ टक्के होतं.