संथ नजर आणि एक प्रतिपिंड

मेंदूच्या ऱ्हासविकारांचा विषय निघाला की अल्झायमर व पार्किन्सन ही नावे प्रथम ओठांवर येतात. प्रस्तुत लेखासाठी मी मुद्दाम एक अल्पपरिचित विकार निवडला आहे : स्पायनोसेरिबेलर अटॅक्सिया, प्रकार दुसरा. त्याची ठळक खूण मुंबईत, रुग्णाच्या खाटेशेजारी टिपली गेली आणि त्यामागील प्रथिनाचा पहिला माग एका अँटिबॉडीने, अर्थात प्रतिपिंडाने, लावला.

डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली. तोल जाणे, चाल डगमगणे, वाणी जड होणे हे सारे आनुवंशिक विकारांत पूर्वीही नोंदलेले होते. वाडियांनी पाहिले ते निराळेच. या रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीवर उडी घेत नव्हती. ती सरपटत जात होती. ही तपासणी आपल्यापैकी कोणालाही करता येईल. दोन्ही हातांची बोटे रुग्णासमोर हातभर अंतरावर धरावीत आणि मान न हलवता या बोटावरून त्या बोटाकडे झटकन पाहावयास सांगावे. निरोगी डोळ्याची हालचाल आपल्या नजरेत भरण्याआधीच संपते. या रुग्णाचा डोळा मात्र वाटेत दिसत राहतो; पापणी मिटून किंवा मान वळवून तो स्वतःला मदत करू पाहतो.

या विकारातील जनुकाची जागा बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे १९९३ साली क्यूबातील कुटुंबांच्या अभ्यासातून कळले. परंतु जनुक व प्रथिन दोन्ही अज्ञातच होते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे त्याच सुमारास '१सी२' नावाचा एक प्रतिपिंड उपलब्ध होता. तो तयार झाला होता टाटा-बाइंडिंग प्रोटीन या सर्व पेशींत आढळणाऱ्या प्रथिनाविरुद्ध, आणि तोही अगदी वेगळ्या संशोधनासाठी. त्या प्रथिनात ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची लांबलचक माळ असते. माळ जितकी लांब, तितका हा प्रतिपिंड तिला अधिक घट्ट बिलगतो. त्रोतिए, मांदेल व सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखविले की, हंटिंग्टन विकारातील वाढलेली माळ तो ओळखतोच; शिवाय दुसऱ्या प्रकारच्या अटॅक्सियाच्या रुग्णांच्या पेशींत सुमारे १५० किलोडाल्टन वजनाचे एक अनोळखी प्रथिनही तो दाखवितो. चोर सापडण्याआधी त्याची उंची कळावी, तसा हा प्रकार. पुढच्याच वर्षी तीन गटांनी स्वतंत्रपणे जनुक शोधले. त्यांपैकी स्ट्रासबुर्गच्या गटाने याच प्रतिपिंडाचा गळ वापरला होता. प्रथिनाचे नाव पडले अटॅक्सिन-२. त्यात बहुधा २२ ग्लुटामाइन असतात. रोगात ही संख्या तिशी ओलांडून पुढे जाते. १९९८ साली वाडियांनी सहा भारतीय कुटुंबांत हाच जनुकदोष आणि तीच संथ नजर एकत्र दाखविली. सत्तावीस वर्षांपूर्वी डोळ्यांनी केलेल्या निदानाला प्रयोगशाळेने दिलेली ही पावतीच म्हणावयाची.

या प्रतिपिंडाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. तो कोणत्याही एका रोगाचा नव्हे. निरोगी माणसाच्या पेशींतही तो टाटा-बाइंडिंग प्रोटीनचा पट्टा दाखवितोच, म्हणून तुलनेसाठी निरोगी नमुना शेजारी नसेल तर निष्कर्ष फसवा. पुढे तर त्या प्रथिनाचीच माळ लांबून अटॅक्सियाचा सतरावा प्रकार होतो असे आढळले! मृत रुग्णांच्या मेंदूतील प्रथिनांच्या गाठी रंगविण्यास १सी२ अजून उपयोगी पडतो. कुपीवर मात्र 'केवळ संशोधनासाठी' असे स्पष्ट लिहिलेले असते.

हे सांगण्याचे कारण असे की, माझ्याकडे येणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाने कुठूनतरी ऐकून 'अँटिबॉडीची टेस्ट' मागितली होती. त्यांच्या आजोबांच्या चालीचे खापर गावाने आयुष्यभर दारूवर फोडले. त्या गृहस्थांनी दारूला कधी स्पर्शही केला नव्हता. वडिलांची नजर मी बोटांनी तपासली आणि त्यांना इंदूरला मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठविले. निदान झाले ते रक्तातील डीएनएवर, सीएजी या त्रिकाच्या आवृत्त्या मोजून. तीच खरी चाचणी.

उपचार आजही लक्षणांपुरताच आहे. अटॅक्सिन-२ कमी करणारे एक औषध एएलएस या विकारात वापरून पाहिले गेले. प्रथिन घटले, रुग्णांना लाभ झाला नाही, आणि २०२४ साली तो प्रयत्न थांबला. अशा स्थितीत निरोगी अपत्याने चाचणी करावी काय? संभव निम्मा-निम्मा, आणि दोष वडिलांकडून आल्यास पुढच्या पिढीत माळ आणखी लांबून रोग लवकर दिसण्याची भीती. या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरने देऊ नये असे माझे मत आहे. माहिती मात्र हातची राखू नये.

त्या घरच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरत आहे. सारे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला की आधी मुलीला आणि तिच्या घरच्यांना सांगेन, रक्त द्यायचे की नाही ते नंतर पाहू.