दूरची युद्धं – भाग ७ : आणखी एकच तडाखा

आर्थिक निर्बंध कुणाला कसे भोवतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याहून सोप्या वाटणाऱ्या उपायाकडे वळू: बळ वाढवा. बातमी गाझाची असो की युक्रेनची, गोंदियात टीव्हीसमोर बसलेल्या चौघांत एक तरी म्हणतोच, "एकदाचं निपटवून टाकाले पायजे." मोठमोठ्या राजधान्यांतले सल्लागारही हेच बोलतात, फक्त समोर नकाशे पसरून. त्यांचं म्हणणं असं की, हात आखडता घेतल्यानेच युद्ध लांबतं. एकदा जबर तडाखा बसला की समोरचा वाकेल आणि एकूण माणसंही कमीच मरतील.

हे तपासायला फार लांब जायला नको. गोंदिया–बल्लारशा गाडीने अर्जुनीच्या पुढे गेलं की अरुणनगर लागतं. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या बंगाली वस्त्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या. तिकडून लोक १९७१ च्या कितीतरी आधीपासून येत होते. रायपूरजवळचा माना कॅम्प १९६४ पासून त्यांचा मोठा थांबा होता. पण १९७१ च्या एकाच वर्षात सुमारे एक कोटी माणसं भारतात आली, आणि ती आली या 'एकाच तडाख्या'मुळे.

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० शेख मुजीब यांच्या अवामी लीगने जिंकल्या. पाकिस्तानच्या लष्करी राजवटीला सत्ता त्यांना द्यायची नव्हती. मग लष्करी वर्तुळात मत पक्कं झालं की थोडा दणका दिला की बंगाली गप्प बसतील. याला आतूनच विरोध झाला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्वेचे गव्हर्नर ॲडमिरल अहसान आणि तिथले सेनाप्रमुख साहबजादा याकूब खान दोघंही सांगत होते की हा प्रश्न राजकीय आहे, बंदुकीने सुटणार नाही. अहसान यांना बाजूला केलं गेलं, याकूब खान यांनी राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी टिक्का खान आले. ज्यांना तो मुलूख माहीत होता, तेच सावध होते.

२५ मार्चच्या रात्री ढाका विद्यापीठ, राजारबागची पोलीस लाइन आणि पिलखान्यातलं ईस्ट पाकिस्तान रायफल्सचं ठाणं यांच्यावर एकदम हल्ला झाला. बंगाली शिपायांची शस्त्रं काढून घेणं हा बेताचाच भाग होता. परिणाम उलटा झाला. कालपर्यंत पाकिस्तानची वर्दी घातलेल्या पलटणी बंड करून उठल्या आणि मुक्तिवाहिनीचा कणा बनल्या. मार्चपर्यंत पुष्कळ जण अधिक अधिकारांवर समाधान मानायला तयार होते. त्या रात्रीनंतर स्वातंत्र्याखेरीज बोलणं उरलं नाही. जुलूम वाढला तसे लढणारे वाढले, आणि लढणारे वाढले म्हणून आणखी जुलूम झाला. १६ डिसेंबरला पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले.

'एकाच तडाख्या'च्या युक्तिवादातली खोट इथे दिसते. तडाखा लागू पडला तर तो बरोबर ठरतो. नाही पडला तर म्हणायचं, कमी पडला. चूक कधी सिद्धच होत नाही. व्हिएतनाममध्ये १९६५ पासून अमेरिकेचा बॉम्बवर्षाव वाढतच गेला. १९६७ च्या ऑगस्टमध्ये खुद्द संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की बॉम्बफेकीने उत्तर व्हिएतनाम वाटाघाटींना येणार नाही. सेनापतींनी मात्र आणखी बॉम्ब मागितले. १९७५ मध्ये सायगाव पडलं.

यावर दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनी-जपानचं उदाहरण पुढे येतं, आणि ते टाळता येत नाही. पण जर्मनीचं शस्त्रोत्पादन शिखरावर गेलं ते १९४४ मध्ये, शहरांवर बॉम्ब पडत असताना. शेवट झाला तो सैन्यं बर्लिनपर्यंत पोचल्यावर. आणि पुढे दोन्ही देशांत वर्षानुवर्षं ताबा व पुनर्बांधणी करावी लागली. त्या खर्चाचा शब्दही 'निपटवून टाका' म्हणणारे काढत नाहीत.

शिवाय भारतानेही १९७१ मध्ये बळ वापरलंच की! वापरलं, आणि मी ते योग्य मानतो. पण कसं, ते पाहा. एप्रिलमध्येच घुसावं असा आग्रह होता. पावसाळा तोंडावर आहे आणि फौजा तयार नाहीत, असं सांगून आपण तो परतवला, हे तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ यांनीच पुढे सांगितलं. पूर्वेत लोक आणि त्यांचं निवडून आलेलं नेतृत्व आपल्या बाजूला होतं. ढाका पडल्यावर पश्चिमेतही चढाई करावी असं म्हणणारे होते. इंदिरा गांधींनी १७ डिसेंबरपासून एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. नेमकं काय साधायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरलेलं होतं. टिक्का खानांच्या बेतात या दोन्हींचा पत्ता नव्हता.

पुढच्या भागात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्याच नॉर्गेलिंग तिबेटी वसाहतीच्या निमित्ताने आणखी एक प्रश्न घेऊ. अमेरिकेने तिबेटी लढवय्यांना कोलोरॅडोच्या डोंगरात शिकवलं, शस्त्रं दिली आणि पुढे हात काढून घेतला. दुसऱ्याला लढ म्हणणारा किती दिवस सोबत राहतो?