रिकाम्या खुर्चीच्या बळावर स्पर्धा कशी जिंकणार?

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांत १८५७ मध्ये देशातील पहिली आधुनिक विद्यापीठे उभी राहिली. त्यांपैकी मद्रास विद्यापीठात प्रा. एस. गौरी यांची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. त्यानंतर दोन वर्षे उलटून गेली, तरी पूर्णवेळ कुलगुरू नेमला गेला नाही आणि कारभार एका समितीच्या हाती राहिला. शोध समितीत विद्यापीठ अनुदान आयोगाचा प्रतिनिधी असावा की नाही, या मुद्द्यावर राज्यपाल आणि राज्य सरकार यांच्यात एकमत झाले नाही.

पुढे हा वाद न्यायालयात गेला. राज्यपालांनी अडवलेली दहा विधेयके सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२५ रोजी संमत झाल्याचे मानले. कुलगुरू नेमण्याचा अधिकार राज्याकडे देणारी विधेयकेही त्यांत होती. मात्र, २१ मे रोजी मद्रास उच्च न्यायालयाने त्याच तरतुदींना स्थगिती दिली. या लढाईत कोणाची बाजू घटनासंमत, यावर विद्वानांनी अवश्य वाद घालावा. परंतु तोवर विद्यापीठाने काय करायचे?

प्रशासनातील दीर्घ अनुभवावरून मी सांगू शकतो की, समिती दैनंदिन कामकाज चालवू शकते. ती वेतन देते, परीक्षा घेते, पदव्यांवर स्वाक्षऱ्या करते. मात्र, पुढील दहा वर्षांत कोणत्या विषयांत आघाडी घ्यायची, त्यासाठी कोणाला आणायचे आणि कोणता अभ्यासक्रम बंद करायचा, हे निर्णय ती घेत नाही. कारण त्यांची जबाबदारी स्वीकारणारी एक व्यक्ती तिथे नसते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याच विद्यापीठाचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार १९४२ ते १९६९ अशी तब्बल २७ वर्षे येथे कुलगुरू होते. त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये, तिशीतील जी. एन. रामचंद्रन यांच्याकडे भौतिकशास्त्र विभाग सोपवण्यात आला. अवघ्या दोन वर्षांत रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी सर्पिल रचना मांडली. त्या संशोधनासाठी नमुना मिळाला तो शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून. योग्य माणूस हेरणे, त्याला मोकळीक देणे आणि शेजारच्या संस्थेशी हातमिळवणी करणे, हेच ते धोरण होते.

आज त्याच शहरातील आयआयटी मद्रास राष्ट्रीय क्रमवारीच्या सर्वसाधारण गटात २०१९ पासून सातत्याने पहिली आहे. तिची नक्कल करणे हे मद्रास विद्यापीठाचे उद्दिष्ट असू शकत नाही. आयआयटीला केंद्राचा निधी आहे आणि निवडक विद्यार्थी आहेत. विद्यापीठावर संलग्न महाविद्यालयांची जबाबदारी आहे. घरातील पहिलाच पदवीधर ठरणारा मुलगा किंवा मुलगी याच महाविद्यालयांत येते. त्यामुळे सार्वजनिक विद्यापीठाची स्पर्धा क्रमांकापुरती नसते. कमी शुल्कात चांगले शिक्षण देण्याच्या क्षमतेची ती कसोटी असते. खासगी विद्यापीठे झपाट्याने विस्तारत असताना या कसोटीत मागे पडल्यास त्याची किंमत गरीब घरांतील मुले मोजतील.

एकाच व्यक्तीने २७ वर्षे पदावर राहावे, असे मी सुचवत नाही. तथापि, मद्रासच्या कुलगुरूंना मिळणारी तीन वर्षांची मुदत निश्चितच अपुरी आहे. महाराष्ट्रात ती पाच वर्षे आहे. शोध प्रक्रिया मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सुरू करणे कायद्याने बंधनकारक करावे. समितीची रचना एकदाच ठरवावी आणि राज्यपाल व सरकार यांच्यात मतभेद झाल्यास ठरावीक दिवसांनंतर शिफारस केलेल्या यादीतील पहिले नाव आपोआप नियुक्त व्हावे.

केरळ आणि पश्चिम बंगालमध्येही कुलगुरूंच्या नेमणुकांवरून असेच संघर्ष झाले आहेत. म्हणूनच हा प्रश्न केवळ चेन्नईचा नाही. नेमणुकीचा अधिकार कोणाकडे असावा, हे न्यायालय यथावकाश ठरवील; मात्र पद रिक्त ठेवण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. लेखातील मते वैयक्तिक.)