मोटार विमा दावा (भारत)

अपघातामुळे झालेल्या हानीची भरपाई मिळावी यासाठी विमा कंपनीकडे किंवा न्यायाधिकरणाकडे केलेल्या मागणीस मोटार विमा दावा असे म्हणतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. या विम्यातून केवळ इतरांच्या हानीची भरपाई होते. स्वतःच्या वाहनाच्या दुरुस्तीसाठी सर्वसमावेशक विमा किंवा स्वतंत्र स्व-हानी विमा असावा लागतो.

== अपघातानंतरची कर्तव्ये ==
कलम १३४ नुसार जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे पहिले कर्तव्य होय. अपघाताची माहिती शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोलिसांना द्यावी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवावे लागते. वाहनांची स्थिती, क्रमांक व घटनास्थळ यांची छायाचित्रे पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. समोरच्या व्यक्तीशी जागेवर परस्पर तडजोड केल्यास किंवा कंपनीच्या संमतीविना दायित्व मान्य केल्यास दावा अडचणीत येऊ शकतो.

== स्व-हानी दावा ==
दाव्याचा अर्ज, विमापत्र, वाहन नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना व दुरुस्तीचे अंदाजपत्रक ही प्रमुख कागदपत्रे होत. व्यक्तीला इजा किंवा तृतीय पक्षाची हानी झाली असल्यास प्रथम खबर अहवालाची प्रतही मागितली जाते. त्यानंतर सर्वेक्षक वाहनाची पाहणी करून हानीचे मूल्य ठरवितो. पाहणीपूर्वीच दुरुस्ती केल्यास हानीचा पुरावा नष्ट होतो; त्यामुळे दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

मंजूर रक्कम बहुधा बिलापेक्षा कमी असते. रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर ५०% घसारा वजा होतो, तर काचेवर घसारा लागत नाही. धातूच्या भागांवरील घसारा वाहनाच्या वयानुसार वाढत जाऊन १० वर्षांनंतर ५०% होतो. याखेरीज १,५०० घन सेंमीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते. उदाहरणार्थ, अशा मोटारीचा १०,००० रुपयांचा प्लास्टिकचा बंपर बदलल्यास, घसारामुक्त विमा नसेल तर, त्यापोटी सुमारे ४,००० रुपयेच मिळतात. दुरुस्तीचा खर्च विमापत्रातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक असल्यास वाहनाची पूर्ण हानी झाल्याचे मानले जाते.

दावा न केलेल्या वर्षांसाठी स्व-हानी हप्त्यात २०% ते ५०% सवलत मिळते. दावा केल्यास ही सवलत सामान्यतः जाते. म्हणून किरकोळ हानीसाठी दावा करणे कधीकधी तोट्याचे ठरते.

== तृतीय पक्ष दावा ==
मृत्यू किंवा इजा झाल्यास पीडित व्यक्ती अथवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, हा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करावा लागतो. अपघातस्थळ, अर्जदाराचे निवासस्थान किंवा प्रतिवादीचे निवासस्थान यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाची निवड करता येते. कलम १६४ नुसार कोणाची चूक आहे हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर इजेसाठी २.५ लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध न लागल्यास शासकीय योजनेतून अनुक्रमे २ लाख व ५० हजार रुपये मिळतात.

== तक्रार निवारण ==
दावा नाकारला गेल्यास विमाधारकाने प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावयाची असते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, पुणे व ठाणे येथे आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अंतर्गत ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही खुला असतो.