पवनचक्कीच्या पोटातली थरथर
साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या संथ फिरताना आपण पाहतो. पण गिअरबॉक्स असलेल्या मोठ्या चक्कीत पात्यांच्या मिनिटाला 15 फेऱ्यांच्या जनित्रापाशी 1500 होतात. वाऱ्याच्या झोताने मधला जाडजूड पोलादी दांडा किंचित पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो. डोळ्यांना दिसत नाही. गिअरच्या दात्यांना मात्र सोसावे लागते. ही थरथर जनित्राच्या वेगातल्या बारीक चढउतारावरून ओळखतात. मग नियंत्रक जनित्राचा विरोध त्याच तालात बदलतो : वेग वाढला की वाढवायचा, घटला की सैल सोडायचा. हलता झोका थांबवताना आपण तरी वेगळे काय करतो? दात्याला तडा गेला, तर मात्र हा उपाय लंगडा. तो तडा गिअरबॉक्सवरच्या कंपनमापकाने वेळीच हेरावा लागतो. नाहीतर ऐन आषाढातल्या वाऱ्यात चक्की क्रेनची वाट पाहत उभी!