कोर्लईचा दिवा

आम्ही गोंदियाकडची माणसे तळ्याकाठी वाढलेली. पाण्याची आमची कल्पना नवेगावबांधापाशी थांबते. म्हणून गेल्या नाताळात सौभाग्यवतीने ‘एकदा समुद्र दाखवा’ असा हट्ट धरला, तेव्हा विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि अलिबाग, रेवदंडा करीत कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला पोहोचलो.

डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी १९५५ सालचे दीपगृह. तिथल्या कर्मचाऱ्याने समजावून सांगितले, की प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळी असते. किती सेकंदांनी झोत येतो ते मोजून नाविक अंधारातही किनारा ओळखतो.

खाली वाळूत एक आजी नातवाला दटावीत होती. मी मराठीचा प्राध्यापक. पण शब्द कळेल तर शपथ! विचारले तेव्हा ती स्वच्छ मराठीत म्हणाली, “ही आमची नौ लिंग. म्हणजे आमची भाषा.”

पोर्तुगीज सत्ता इथून १७४० साली गेली. पण पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासात घडलेली ही बोली गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अजून राखली आहे. बोलणारी माणसे सुमारे हजारभर. आजीच्या तोंडून नातवाच्या कानी, एवढीच तिची शाळा.

सौभाग्यवती हळूच म्हणाली, “आपल्या आईंची आठवण झाली.”

मी गप्प झालो. आई झाडीबोली बोलायची. तीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही; पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोरा’. मला नोकरी लागली आणि मी तिला चारचौघांत दुरुस्त करू लागलो. पुढे पुढे पाहुणे आले, की ती बोलेनाशीच झाली. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली. ‘डोरा’ म्हणजे काय, हे तिच्या नातवाला ठाऊक नाही.

अंधार पडला. वर दिवा लागला. मी झोत मोजू लागलो.

“काय मोजताय?” सौभाग्यवतीने विचारले.

“आपला किनारा कुठला, ते बघतोय,” मी म्हणालो.

परवा एका विद्यार्थ्याने निबंधात ‘पानी’ लिहिले. तांबड्या पेन्सिलीने मी ‘न’चा ‘ण’ केला. ते माझे कामच आहे. पण यंदा समासात एक ओळ वाढवली : ‘परीक्षेत पाणी लिहावे, घरी आजीजवळ मात्र पानीच मागावे.’